जुन्या इमारतींवरच्या पाट्या: नियम कशावर असावा आणि कशावर नसावा

जुन्या बाजारपेठेतील इमारतींवर दुकानांच्या पाट्या कशा असाव्यात, हा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा रंगावर आणि अक्षरांच्या वळणावर येऊन अडते. एकाला तपकिरी पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरे हवी असतात, दुसऱ्याला लाकडी फळी हवी असते, तिसऱ्याला निऑनचे नावही नको असते. आणि ज्याला भाडे भरून तिथे धंदा करायचा आहे तो वैतागून विचारतो, की दुकान दिसणारच नसेल तर इमारत जपून माझा काय फायदा. या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पाटी इमारतीचे काय करते, हा एक. ती आपल्याला आवडते का, हा दुसरा. नियमावलीने पहिल्या प्रश्नाबाबत अत्यंत कडक असावे आणि दुसऱ्याबाबत जवळजवळ गप्प राहावे, असे माझे मत आहे. वाचायला मिळालेल्या अनेक नियमावल्यांत मात्र मला याच्या नेमके उलट दिसले: अक्षरांच्या वळणावर पानेच्या पाने, आणि पाटी भिंतीला कशी ठोकावी यावर जेमतेम एक ओळ.

पाट्यांवरचे नियम वारसा जतनाच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जुने आहेत, आणि त्यांची सुरुवात मनाईने नव्हे तर सक्तीने झाली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या रिचर्डच्या राज्यात, १३९३ साली, मद्यगृहांना पाटी लावणे बंधनकारक करण्यात आले. मद्याची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला ते घर ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू होता. बहुसंख्य लोकांना वाचता येत नसल्याच्या काळात चित्राची पाटी हाच घराचा पत्ता असे. पुढे दुकानदारांची चढाओढ वाढली, पाट्या मोठ्या आणि जड झाल्या, लोखंडी दांड्यांवरून त्या रस्त्यावर पुढे येऊन लोंबू लागल्या. १७१८ साली लंडनच्या फ्लीट स्ट्रीटलगतच्या ब्राइड लेनमध्ये अशा एका पाटीने घराची दर्शनी भिंतच ओढून खाली आणली आणि चार माणसे दगावली. तरीही ठोस नियम यायला आणखी चार दशके जावी लागली. पॅरिसने १७६१ मध्ये आणि लंडनने त्यापाठोपाठ १७६२ मध्ये पाट्या भिंतीला सपाट लावण्याची सक्ती केली, आणि चित्रांच्या पाट्या मागे हटल्यावर घरांना क्रमांक देण्याची पद्धत रुळत गेली. या नियमांत सौंदर्याचा विचार फारसा नव्हता. पाटी भिंतीपासून किती पुढे येते, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि तो कोणालाही काठीने मोजून सोडवता येत होता. नियम टिकण्यासाठी हा गुण फार मोलाचा आहे.

आता इमारतीकडे पाहू. एकोणिसाव्या शतकातील व्यापारी इमारतीचा दर्शनी भाग नीट पाहिला, तर पाटी कुठे लावायची याचे उत्तर बांधणाऱ्याने आधीच देऊन ठेवलेले आढळते. खाली दुकानाच्या काचा आणि दरवाजा, त्यांच्या वर उजेडासाठी ठेवलेली झरोक्यांची आडवी ओळ, तिच्यावर एक सपाट पट्टा, त्या पट्ट्यावर पुढे आलेली कॉर्निस, म्हणजे भिंतीची नक्षीदार आडवी कड, आणि मग वरच्या मजल्यांच्या खिडक्या, असा तो सारा क्रम असतो. हा सपाट पट्टा नाव लिहिण्यासाठीच सोडलेला असे. दोन्ही बाजूंचे भिंतीत गुंतलेले खांब त्या पट्ट्याची लांबी ठरवतात, कॉर्निस उंची ठरवते. म्हणजे पाटीचे माप नियमावलीत नव्याने शोधून काढावे लागत नाही. ते भिंतीवर असतेच. पाटीने हा पट्टा ओलांडला की तिचे परिणाम लगेच दिसू लागतात. झरोके झाकले की दुकानाच्या आतल्या भागात अंधार पडतो, खांबांची डोकी झाकली की इमारत कशावर उभी आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि शेजारच्या दोन इमारतींवरून एकच लांबलचक पाटी गेली की त्या दोन इमारती आहेत हेच पुसले जाते. जुन्या रस्त्यांची लय अरुंद दर्शनी भागांच्या एकामागून एक येण्यात असते. ती एका पाटीने मोडते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वी रस्ते साधे आणि शांत होते, पाट्यांची गर्दी अलीकडची आहे, असे मानून अनेक नियमावल्या लिहिल्या जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन किंवा युरोपीय बाजाररस्त्यांची छायाचित्रे पाहिली तर हे खरे नाही, हे उघड होते. तळमजल्यावर पाटी, पहिल्या मजल्यावर शिंप्याचे नाव, दुसऱ्यावर दातांच्या डॉक्टरचे, बाजूच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर औषधाची किंवा साबणाची रंगवलेली जाहिरात, आणि छपरावर लाकडी चौकटीत उभी केलेली अक्षरे, असा प्रकार सर्रास असे. त्यामुळे पाट्या कमी केल्या की रस्ता आपोआप जुना दिसेल, हा हिशेब इतिहासाला धरून नाही. फरक संख्येपेक्षा पाटी आणि इमारत यांच्या नात्यात आहे. रंगवलेले नाव विटेच्या अंगाला चिकटून राही, लाकडी फळी पट्ट्यात बसे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र एक वेगळीच टूम निघाली. जुन्या इमारतीचा संपूर्ण दर्शनी भाग ॲल्युमिनियमच्या किंवा मुलामा दिलेल्या धातूच्या पत्र्यांनी झाकून टाकायचा आणि त्या कोऱ्या पडद्यावर एकच भले मोठे नाव लावायचे. पडदा बसवताना आड येणाऱ्या कॉर्निस छाटल्या गेल्या, खिडक्यांभोवतीचे कोरीवकाम फोडले गेले. पुढे असे पडदे उतरवले गेले तेव्हा आत कुठे इमारत जवळजवळ शाबूत निघाली, तर कुठे भोकांनी चाळण झालेली.

म्हणूनच पाटी भिंतीला कशी लावली जाते, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. भिंतीत भोक पाडायचेच असेल तर ते विटेत किंवा दगडात न पाडता दोन विटांमधल्या सांध्यात पाडावे, हा साधा नियम आहे. सांध्यातला चुना किंवा मसाला पुन्हा भरता येतो. फुटलेली वीट आणि टवका उडालेला दगड पूर्ववत होत नाही. जुनी वीट अनेकदा आजच्या विटेपेक्षा मऊ असते, तिचा बाहेरचा भाजलेला थर हेच तिचे कवच असते, आणि भिंतीत रुतवायचा अँकर बोल्ट घट्ट आवळताना ते कवच तडकले की पाणी आत शिरायला वाट मिळते. दुसरी गोष्ट लोखंडाची. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दगडात रुतलेला साधा लोखंडी खिळा गंजून फुगला की तो आतून दगड फोडतो, आणि हे नुकसान पाटी उतरवल्यानंतर कित्येक वर्षांनीही चालू राहते. गंज न धरणाऱ्या पोलादाचे बोल्ट वापरावेत, एवढे एक वाक्य नियमावलीत असले तरी खूप काही वाचते. स्वतंत्र अक्षरे एकेक करून भिंतीवर ठोकण्याऐवजी ती आधी एका पट्टीवर बसवून ती पट्टी मोजक्या ठिकाणी अडकवावी, म्हणजे चाळीस भोकांच्या जागी चार पडतात. विजेची तार नेण्याचे भोकही यातच मोजावे. ते नेहमी विसरले जाते आणि नेहमी चुकीच्या जागी पडते.

रंगाबाबत माझा आग्रह एकच आहे, आणि तोही छटेचा नव्हे. जी वीट किंवा जो दगड आजवर उघडा आहे, त्यावर पाटीसाठी पार्श्वभूमी म्हणून रंग फासू नये. भिंत आतला ओलावा बाहेर टाकत असते. जाड रंगाचा थर तो अडवतो, आणि ओलावा अडला की पापुद्रे सुटू लागतात. पुढे कोणी तो रंग वाळूच्या फवाऱ्याने काढायला जातो आणि विटेचे कवचही त्याबरोबर निघून जाते. ज्या भिंतीवर आधीच रंग आहे तिची गोष्ट वेगळी. तिथे हाताने रंगवलेली पाटी हा सर्वांत निरुपद्रवी प्रकार आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने ऐतिहासिक इमारतींच्या डागडुजीसाठी जी मानके ठरवली आहेत, त्यांतली तीन पाट्यांना नेमकी लागू पडतात. नव्याने जोडलेली गोष्ट पुढे काढून घेतली तर इमारतीचे मूळ रूप अबाधित राहिले पाहिजे, हे एक. इतिहासाचा खोटा आभास निर्माण करू नये, हे दुसरे. आणि काळाच्या ओघात झालेल्या बदलांना स्वतःचे ऐतिहासिक महत्त्व आले असेल तर तेही जपावेत, हे तिसरे. पहिल्याबद्दल वर बरेच बोलून झाले. उरलेली दोन अधिक अवघड आहेत, कारण त्यांच्याकडे दुर्लक्ष करणारे लोक बहुधा वारशाचे प्रेमीच असतात.

खोट्या आभासाचे उदाहरण द्यायचे तर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या गेट्राइडेगासे या रस्त्याचे नाव हटकून निघते. तिथल्या घडीव लोखंडाच्या लोंबत्या पाट्या प्रसिद्ध आहेत, आणि मॅक्डोनाल्ड्सलाही तिथे तशाच नक्षीदार कंसात आपले चिन्ह टांगावे लागले. त्या रस्त्यावर हे शोभते, कारण लोंबत्या पाट्यांची परंपरा तिथे खरोखर आहे. पण ज्या गावात अशी परंपरा कधीच नव्हती, तिथेही विकत आणलेले नक्षीदार कंस, जुनाट दिसण्यासाठी मुद्दाम घासलेले लाकूड आणि वळणदार अक्षरे यांची सक्ती होते, तेव्हा सगळी जुनी गावे एकसारखी दिसू लागतात. १९२० च्या दशकातली इमारत १८५० ची असल्यासारखी सजवली जाते. मोबाइलच्या दुकानावर घोडागाडीच्या काळातली पाटी पाहून मला तरी जतनाचे समाधान मिळत नाही. नाटकाच्या पडद्यासमोर उभे राहिल्यासारखे वाटते. त्यापेक्षा आजच्या साध्या, पातळ धातूच्या अक्षरांत लिहिलेले आणि पट्ट्यात नीट बसलेले नाव अधिक प्रामाणिक ठरते.

तिसऱ्या मानकाची कसोटी निऑनवर लागते. फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लोदने पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात १९१० साली निऑनचे दिवे दाखवले आणि दोनच वर्षांत पॅरिसमधल्या एका केशकर्तनालयावर निऑनची पाटी झळकली. म्हणजे निऑनलाही आता शंभर वर्षांहून अधिक वय झाले आहे. तरीही अनेक नियमावल्यांत ‘निऑन चालणार नाही’ असे एका ओळीत लिहिलेले असते, आणि त्या ओळीखाली १९४० च्या दशकातली हाताने वाकवलेल्या नळ्यांची पाटी भंगारात जाते. उद्यान सेवेने १९९१ साली ऐतिहासिक पाट्यांच्या जतनावर स्वतंत्र पुस्तिका काढली ती याच जाणिवेतून. न्यूयॉर्कच्या लँडमार्क्स आयोगाने, म्हणजे वारसा वास्तू ठरवणाऱ्या संस्थेने, २०१६ मध्ये त्या शहराच्या क्वीन्स भागातील नदीकाठच्या पेप्सी-कोलाच्या प्रचंड पाटीला संरक्षित दर्जा दिला. एका कंपनीची जाहिरात शहराचा वारसा कशी, असे विचारणारे लोक होते आणि त्यांचा प्रश्न अगदीच निरर्थक नव्हता. हाँगकाँगने उलटा अनुभव घेतला. परवानगीविना उभारलेल्या आणि धोकादायक ठरलेल्या पाट्या हटवण्याच्या मोहिमेत तिथल्या रस्त्यांवरचे निऑन झपाट्याने ओसरले, आणि एम प्लस या संग्रहालयाला त्यांतल्या काही पाट्या आपल्या संग्रहात घ्याव्या लागल्या. बंद पडलेल्या दुकानाची भिंतीवर पुसट झालेली रंगीत पाटीही याच वर्गातली. ती पुन्हा चकचकीत रंगवू नये आणि नव्या पाटीखाली गाडूही नये. नव्या दुकानदाराला त्याबदल्यात दुसऱ्या जागी थोडे अधिक क्षेत्रफळ दिले, तर तो सहसा कुरकुरत नाही.

उजेडाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्यात मी कडक नियमांच्या बाजूने आहे. आतून उजळणारी प्लॅस्टिकची पेटी, म्हणजे ज्याला बाजारात सरसकट ग्लो साइन म्हणतात ती, जुन्या इमारतीवर रात्री एक पांढरा चौकोन उभा करते आणि बाकीचा दर्शनी भाग अंधारात ढकलते. डोळा त्या चौकोनाच्या प्रखरतेशी जुळवून घेतो, त्यामुळे शेजारचे कोरीवकाम असूनही दिसत नाही. त्याऐवजी वरून वाकलेल्या दांडीच्या दिव्याने पाटी उजळली, किंवा अपारदर्शक अक्षरांच्या मागे दिवे लावून त्यांचा उजेड भिंतीवर पडू दिला, तर पाटीबरोबर इमारतही दिसते. दिव्याचा रंग पिवळसर, म्हणजे प्रकाशाचा रंग मोजण्याच्या केल्विन या मापात तीन हजार किंवा त्याखालचा असावा. हलणारी चित्रे दाखवणारे एलईडी पडदे आणि उघडझाप करणारे दिवे यांना मी जुन्या भागात पूर्ण मनाई करीन. शेजाऱ्याने पडदा लावला की आपल्यालाही लावावा लागतो, ही चढाओढ तिथूनच सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की ती कोणालाच परवडत नाही. जपानच्या क्योटो शहराने २००७ साली आपल्या नव्या भूदृश्य धोरणात छपरावरच्या जाहिराती आणि लुकलुकणारे दिवे संपूर्ण शहरात बंद केले, ते सर्वांवर एकाच वेळी लागू केले म्हणूनच साधले.

आकाराबद्दल दुकानदारांच्या मनात असलेली भीती समजून घेण्यासारखी आहे, पण ती बरीचशी गैरसमजातून आलेली असते. पाट्या बनवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: सहज वाचता यावे म्हणून दर दहा फूट अंतरासाठी अक्षराची उंची एक इंच धरावी. जुन्या बाजारातला रस्ता समजा चाळीस फूट रुंद असेल, तर समोरच्या पदपथावरून वाचण्यासाठी चार इंची अक्षर सुखाने पुरते. बरेच लांबून चालत येणाऱ्याचा विचार केला तरी दहा-बारा इंचांच्या पुढे जायचे कारण नाही. दोन-तीन फूट उंचीची अक्षरे महामार्गावरून वेगाने जाणाऱ्या मोटारीसाठी असतात, आणि तो मोटारवाला या गल्लीत नसतोच. चालणाऱ्या माणसाला मोठ्या पाटीपेक्षा भिंतीला काटकोनात लावलेली छोटी पाटी अधिक उपयोगी पडते, कारण तो भिंतीला समांतर चालत असतो आणि सपाट पाटी त्याला तिरकी दिसते. डोक्याला लागणार नाही इतकी, साधारण अडीच मीटर उंचीवर लावलेली, दुकानागणिक एक अशी काटकोनी पाटी मी कोणत्याही नियमावलीत मोकळ्या मनाने मंजूर करीन.

क्षेत्रफळाची गणिते नियमावल्यांना फार आवडतात. ब्राझीलच्या साओ पाउलो शहराने २००७ पासून अमलात आणलेला ‘स्वच्छ शहर’ कायदा त्यासाठी गाजला. त्याने रस्त्यावरचे जाहिरात फलक तर काढायला लावलेच, पण दुकानांच्या स्वतःच्या पाट्यांनाही मापे घालून दिली: दर्शनी भाग दहा मीटरपेक्षा कमी रुंद असेल तर जास्तीत जास्त दीड चौरस मीटर, दहा ते शंभर मीटर असेल तर चार चौरस मीटर. लाखो दुकानांच्या शहरात असे सरसकट माप सोयीचे आहे, आणि पाट्या उतरल्यावर मागे दडलेल्या कितीतरी जुन्या भिंती लोकांना नव्याने दिसल्या. परंतु मोजक्या इमारतींच्या ऐतिहासिक भागात अशा आकड्यावर विसंबून राहणे मला आळशीपणाचे वाटते. दीड चौरस मीटरची पाटी एका इमारतीच्या पट्ट्यात अगदी बरोबर बसेल आणि शेजारच्या इमारतीच्या नक्षीदार कमानीवर आडवी पडेल. आकडा दोघींना सारखाच लागू होतो, भिंत मात्र वेगळी असते. कमाल मर्यादा म्हणून आकडा असावा, पण जागेचा निर्णय पट्टा, खांब, कमान आणि कॉर्निस यांच्यावरूनच व्हावा.

कायद्याच्या अंगाने पाहिले तरी आवडीनिवडीपासून दूर राहण्यातच शहाणपण आहे. इंग्लंडच्या २००७ च्या जाहिरात नियंत्रण नियमांनुसार स्थानिक नियोजन संस्थेला पाटीचा विचार फक्त दोन अंगांनी करता येतो, परिसराची रम्यता आणि सार्वजनिक सुरक्षितता. पाटीवर काय लिहिले आहे हा तिचा विषय नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये गिल्बर्ट या गावाचे पाटीविषयक नियम रद्द ठरवले, कारण राजकीय पाटीला एक माप, विचारप्रदर्शनाच्या पाटीला दुसरे आणि चर्चच्या सभेची वाट दाखवणाऱ्या पाटीला तिसरे, असा मजकुरावरून भेद त्यात केला होता. मोजमाप, जागा, साहित्य आणि उजेड यांवरचे नियम अशा आक्षेपातून सहज सुटतात. दुसरा एक निकाल त्याहून जुना आहे आणि मला विशेष आवडतो. अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या फ्रेंच भागात एका पेट्रोल पंपाच्या मालकाने परवानगीशिवाय मोठी पाटी उभारली. माझा पंप नवा आहे, त्याला कसलेही ऐतिहासिक मूल्य नाही, मग वारशाचे नियम मला का, असा त्याचा बचाव होता. लुइझियाना या तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली तो फेटाळला. नियम एकेकट्या इमारतीसाठी नसून त्या भागाच्या एकत्रित रूपासाठी आहेत, आणि नव्या इमारतीवरची पाटी त्या रूपाला तेवढाच धक्का देऊ शकते, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. ऐतिहासिक भागातल्या नव्या इमारतींना सूट मागणारे अर्ज आजही येतात, आणि त्यांना द्यायचे उत्तर तेव्हापासून तयार आहे.

दोन लिपी किंवा दोन भाषा वापरणाऱ्या प्रदेशांत आणखी एक पेच असतो, ज्याकडे वारसा समित्या क्वचितच लक्ष देतात. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताच्या नव्या नियमांत फ्रेंच मजकुराने इतर भाषेतल्या मजकुराच्या किमान दुप्पट जागा व्यापली पाहिजे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनुसार मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. हे दंडक आपापल्या जागी योग्य असतील, पण क्षेत्रफळाची मर्यादा एकाच भाषेचा विचार करून ठरवली असेल तर दुकानदार दोन नियमांच्या कात्रीत सापडतो. शिवाय मात्रा, वेलांटी आणि उकार यांमुळे देवनागरीला रोमन मोठ्या अक्षरांपेक्षा वर-खाली अधिक जागा लागते, आणि पट्टा अरुंद असला की अक्षरे चेपली जातात. दोन्ही भाषा एकाखाली एक न कोंबता एक पट्ट्यावर आणि दुसरी काचेवर, अशी विभागणी नियमात मान्य केली की हा पेच बराचसा सुटतो.

अंमलबजावणीबद्दल थोडेच सांगतो. आधीपासून असलेल्या पाट्या एका रात्रीत काढायला लावणे अन्यायाचे आहे, आणि त्यांना कायमची सूट देणे म्हणजे नियम न करण्यासारखेच. क्योटोने जुन्या पाट्यांना सात वर्षांची मुदत दिली होती, आणि ती संपली तेव्हा, २०१४ मध्ये, कारवाईही केली. बहुतेक पाट्यांचे आयुष्य तेवढे नसतेच, त्यामुळे मुदत रास्त होती. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस वेगळा मार्ग घेतला गेला. दुकानदारांशी बोलून, त्यांच्या सहकार्याने पाट्या कमानींच्या चौकटीत बसवण्याचे प्रयत्न झाले, आणि त्या कामाची २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत दखल घेतली गेली. बोलून साधते तिथे ते अवश्य करावे, पण दुकाने हात बदलतात आणि नवा भाडेकरू त्या बोलण्यात नसतो, म्हणून लिखित नियम मागे असावाच लागतो. नियमात स्पष्ट बसणारी पाटी कर्मचाऱ्याच्या पातळीवरच मंजूर व्हावी, जशी न्यूयॉर्कच्या आयोगात होते, आणि समितीसमोर फक्त अपवादाची प्रकरणे जावीत. समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत दुकानदाराला थांबवून ठेवले की तो कापडी फलक बांधून मोकळा होतो, आणि तो ‘तात्पुरता’ फलक पाटीपेक्षा जास्त काळ टिकतो.

राहिला पाटी उतरवण्याचा मुद्दा. जवळजवळ सगळ्या नियमावल्या पाटी लावण्याच्या परवानगीपाशी संपतात, खरे नुकसान मात्र ती काढताना उघडे पडते: तुटलेले बोल्ट, लोंबणाऱ्या तारा, पाटीच्या आकाराचा फिकट डाग आणि त्याभोवती काळवंडलेली भिंत. परवानगीच्या अर्जाबरोबर भिंतीचे पाटीविना छायाचित्र घ्यावे, प्रत्येक भोकाची जागा दाखवणारे रेखाटन घ्यावे आणि परत मिळणारी छोटी अनामत ठेवून घ्यावी. दुकान सोडताना भोके मूळ सांध्याला जुळणाऱ्या मसाल्याने भरली, तारा काढल्या आणि छायाचित्राशी भिंत जुळली की अनामत परत द्यावी. नाही जुळली तर त्याच पैशांतून घरमालकाने ते काम करून घ्यावे, आणि ते होईपर्यंत त्या जागेवर पुढच्या पाटीची परवानगी देऊ नये.